शोभेच्या पिना

प्रिय ताई,

हात तुझा आहे, तर तो कुठे ठेवायचा आणि कुठे नाही हे ठरवणारी मी कोण? शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तू हे सगळ्यांसमोर विचारलंस आणि मी तोंडाला कुलूप लावल्यासारखी उभी राहिले. तुला वाटलं असेल, हिला उत्तर द्यायचीही गरज वाटत नाही. तसं नव्हतं. उत्तर तेव्हा नव्हतं, आणि आज सोमवारी दुपारी हे लिहायला बसले आहे तेव्हाही नाही. सोळा वर्षं शिकले, घरातली पहिली पदवी आणली, जी आई मीटर वाचायला आलेल्या माणसालाही दाखवते, पण या एका प्रश्नापुढे माझी पाटी कोरी आहे. मात्र तू आणखी एक विचारलंस, की सहा मशीनं असताना मी नेमकं तुझंच का बंद केलं. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. तोंडी सांगायचा प्रयत्न केला. फोन तू उचलत नाहीस. काल दारात आले तर म्हणे तू अंघोळीला गेली होतीस. दुपारी चार वाजता, आणि आतून नळाचा आवाजसुद्धा नाही! भावोजी बिचारे दाराला टेकून म्हणाले, "तुम्हा दोघींच्या मध्ये माझं पोस्ट ऑफिस झालंय." म्हणून हे त्यांच्याच हाती देतेय. चिडून फाडायचं असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

सुरुवात तुझ्या केसांच्या चापापासून झाली. दोन महिन्यांपूर्वीचा शनिवार असेल. दर शनिवारी मी लॅपटॉप घेऊन पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या तुमच्या प्रेस शॉपमध्ये येते, सहाही मशीनांच्या बाजूच्या पेटीत आमच्या कंपनीने बनवलेले बोर्ड आहेत, त्यांना एक छोटा अडॅप्टर लावते आणि आठवड्यात किती ठोके पडले त्याची मोजणी उतरवून घेते. त्या दिवशी मशीन चारपाशी आले तर डावं बटण आत दाबलेलं, आणि त्याच्या फटीत तुझा काळा चाप. मशीनला वाटत होतं की तुझा डावा हात बटणावर आहे, आणि तो होता साच्यात, पत्रा सरकवत. बटणं दोन का असतात हे मला कॉलेजात शिकवलं होतं. दोन्ही हात बटणांवर अडकले की साच्यात जायला हात उरतच नाही. आणि इथे माझी सख्खी बहीण, जिच्या आईची डाव्या हाताची दोन बोटं नऊ वर्षांपूर्वी याच मशीन चारने नेली, तीच त्या मशीनपुढे उभी राहून बटणाला फसवत होती. वर मशीन दोनवरच्या तुझ्या मैत्रिणीने, जिला तुम्ही सगळ्या रेडिओ म्हणता, मला कौतुकाने सांगितलं की ही शक्कल मूळ ताईचीच, आम्ही पाचजणी तिच्याकडून शिकलो.

मी पेटून उठले. तू मला ओळखतेस, एखादी गोष्ट बरोबर आहे असं एकदा डोक्यात बसलं की मी जेवणही विसरते. दोन आठवड्यांत मी नवा प्रोग्राम लिहिला. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली पाहिजेत, आणि पुढच्या ठोक्याआधी दोन्ही सुटली पाहिजेत. सुटली नाहीत तर मशीन हलणारच नाही. आमच्या सरांनी विचारलं, "ग्राहकाने मागितलंय का हे?" मी त्यांना अर्धा तास हातांबद्दल, माणसांबद्दल भाषण दिलं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "घाल बाई, पण कटकट आली तर तू निस्तरायची." सहा आठवड्यांपूर्वी मी तो सहाही बोर्डांत घातला. चाप निकामी झाला. त्या दिवशी मी घरी गाणं गुणगुणत गेले होते, हे लिहिताना आज लाज वाटते. कारण पुढच्या शनिवारी मोजणी काढली तर पाळीला जिथे चौदाशे झाकणं निघायची तिथे अकराशे निघत होती, तुम्ही सहाजणी ठरलेला आकडा गाठायला पाळी सुटल्यावरही थांबत होतात, आणि रेडिओ मला बघून मोठ्याने म्हणाली, "आल्या बाई! उठा गं, दोन्ही हात वर, दोन्ही हात खाली. ताईच्या बहिणीने आपल्याला परत बालवाडीत घातलंय." सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

मग तीन आठवड्यांपूर्वी आईच्या स्वयंपाकघरात आपलं वाजलं. तू भांडी विसळत होतीस, मी पुसत होते, आणि मी नेहमीसारखी समजावायला गेले. तू म्हणालीस, "आठ तास कधी उभी राहिली आहेस का तिथे? चाप असतो तेव्हा एकच हात आत जातो. तुझ्या शहाणपणामुळे आता पत्रा ठेवायला दोन्ही जातात." मी म्हटलं, अगं, पण हात आत असताना मशीन पडूच शकत नाही, तेच तर मी केलंय. त्यावर तू नळ बंद केलास आणि अगदी हळू आवाजात म्हणालीस, "आईने दोन्ही बटणं दाबली होती." एवढंच. झाकण तयार झालं, काढायला हात घातला, आणि मशीन आपोआप परत खाली आलं. मग पदराला हात पुसलेस आणि निघून गेलीस. मी ओलं ताट हातात धरून उभी. नऊ वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकत होते. बारावीनंतरच्या सुट्टीत तू तिथे पॅकिंगला जायचीस, त्या दिवशी तू दहा पावलांवर होतीस, हे मला माहीत होतं. पण घरात कोणीही विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "माझंच लक्ष नव्हतं." दुकानदाराला, पाहुण्यांना, माझ्या मैत्रिणींना, सगळ्यांना तेच. जणू हात चुकून दारात सापडला होता.

तुझं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्याच्या जोडीला दुसरं एक आठवलं. शेजारच्या शेडमधला मोठा कॉम्प्रेसर सुरू झाला की तुमच्या शॉपमधले दिवे क्षणभर मंदावतात, आणि तुम्ही सहाहीजणी असेल ते सोडून हात छातीशी घेता. कोणी कोणाला सांगत नाही. नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिला एवढं एकच शिकवता. मी त्याला अडाणीपणा समजायचे. एकदा रेडिओला चिडवलंही होतं, "दिव्याला सलाम ठोकता का गं?" ती म्हणाली होती, "दिव्याचं काही नाही. मशीनला झोपेत चालायची सवय आहे." मी हसले होते. पदवीधर ना मी! आता त्या हसण्याचा राग येतो. कारण ती जे सांगत होती ते आमच्या पुस्तकात एका आख्ख्या प्रकरणात दिलंय, आणि मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

तुला सोप्या शब्दांत सांगते. बोर्डावर नखाएवढी एक चिप असते, ती बटणं बघते आणि मशीनला पड म्हणून सांगते. तिच्यात मी लिहिलेला प्रोग्राम असतो. पण प्रोग्रामपासून वेगळ्या कप्प्यात काही सेटिंग असतात, त्यांना आमच्यात फ्यूज म्हणतात. घरातला उडतो तसला नाही, नुसता एक आकडा. त्यातला एक ठरवतो की वीज कमी झाली तर चिपने काय करायचं. तो नीट लावलेला असेल तर वीज कमी होताच चिप गप्प बसते. लावलेला नसेल तर चिप अर्धवट शुद्धीत चालू राहते, आणि त्या अवस्थेत ती काहीही बोलू शकते. पड म्हणूनही सांगू शकते. चिप कारखान्यातून येते तेव्हा तो फ्यूज बंद असतो. तो आपण मुद्दाम चालू करायचा असतो. मी माझा हुशार प्रोग्राम घातला तेव्हा त्या कप्प्याकडे पाहिलंही नव्हतं. सरांच्या यंत्राला मुद्दाम सांगितलं नाही तर प्रोग्राम तेवढा जातो, फ्यूज जुनेच राहतात. म्हणजे आईच्या वेळी मशीन चारच्या बोर्डात जो आकडा होता तोच आजही असणार. कोणी खोडला नसेल तर तो नऊ वर्षं तिथेच बसून होता. मला तो वाचायचा होता. बस, एवढंच करायचं होतं, एक आकडा वाचायचा होता.

आणि तेच होईना. तुमच्या फोरमनची तक्रार तोपर्यंत सरांकडे पोहोचली होती. सरांनी प्रोग्राम घालायचं यंत्र माझ्या टेबलावरून उचललं, कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात. "तुझ्या हातात हे राहिलं तर उद्या तू त्यांचं छप्परही सुधारशील," म्हणाले. सोमवारी, म्हणजे आज, ते स्वतः येऊन जुना प्रोग्राम परत घालणार होते. मी फ्यूजचं विचारलं तर म्हणाले, "बोर्ड दहा वर्षं चालतायत. चालत्या गाडीला खीळ घालू नकोस." माझ्याकडे उरला तो मोजणीचा अडॅप्टर. अंगठ्याएवढा निळा तुकडा. एका बाजूने लॅपटॉपला, दुसऱ्या बाजूने चार तारा, दोन विजेच्या, एक बोलायची, एक ऐकायची. त्याला आणखी पिना असतात. पूर्वी टेलिफोनच्या तारेवरून संगणक बोलायचे तेव्हाच्या, घंटा वाजतेय का, पलीकडे कोणी आहे का, तयार आहात का, असं विचारायला. आता त्यांना कोणी विचारत नाही. पण त्या पिना एकेक करून चालू-बंद करता येतात, आणि चिपचे फ्यूज वाचायला, बदलायला नेमक्या चारच लागतात. मी कुठेतरी वाचलं होतं की हे जमतं. ऑफिसचा अडॅप्टर बिघडवायचा नव्हता, म्हणून दुकानात जाऊन तसलाच दुसरा आणला, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, चार पिना कामाच्या. बाकीच्या शोभेच्या."

मला वाटलं तो थट्टा करतोय. तो खरंच सांगत होता! त्या अडॅप्टरवर पिनांची नावं छापली होती, पण आत त्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या. हे कळायला मला दोन दिवस लागले. ऑफिसात दुपारी डबा खायच्या वेळात ड्रॉवरमधली तसलीच एक सुटी चिप घेऊन बसायचे, तारा जोडायचे, आणि पडद्यावर यायचं, चिप सापडली नाही, जोडणी तपासा. जोडणी तपासली. तारा बदलल्या. लॅपटॉप बदलला. जोडणी तपासा. तिला नाव विचारलं की उत्तर शून्य, शून्य, शून्य. ताई, भिंतीशी बोलावं तर निदान आपला आवाज तरी परत येतो. मी त्या टेबलावर डोकं टेकून रडले आहे, हे ऑफिसात कोणाला माहीत नाही. शेजारचा हिशेबनीस म्हणाला, "डोळे आलेत का?" मी हो म्हटलं. चिपचा राग होता, अडॅप्टर बनवणाऱ्याचा होता, सरांचा होता, आणि खोटं कशाला सांगू, सगळ्यात जास्त तुझा होता. एक वाक्य टाकून निघून गेलीस. नऊ वर्षं ते तोंडात धरून बसलीस, आणि बोललीस तेही माझ्यावर फेकून मारायला. त्या रागाच्या भरातच मी आठ दिवसांपूर्वी, रविवारी ठरवलं की पिना शोभेच्या असतील तर असू देत, मी थेट अडॅप्टरच्या पोटातल्या चिपच्या पायांना तारा सोल्डर करीन.

ते पाय केसाएवढे बारीक आहेत. एका हातात सोल्डरिंगची तापलेली सळई, एका हातात तार, आणि अडॅप्टर धरायला तिसरा हात हवा. खिडकीपाशी टेबल ओढून बसले होते, चार वेळा तार निसटली, पाचव्या वेळी मी ती भिरकावून दिली. आई आली, काही न विचारता समोर बसली आणि डाव्या हाताचा अंगठा आणि अनामिका यांच्यात तिने तो निळा तुकडा धरला. तुला माहीत आहे ना तिची पकड? चिमट्यासारखी. मी म्हटलं, आई, हलू नकोस हं. ती म्हणाली, "मी कुठे हलतेय? तुझाच हात पाळण्यासारखा झुलतोय. आधी श्वास सोड." चारही तारा बसल्या. तिने विचारलं, "हे कशाचं?" मी सांगितलं, ताईच्या मशीनचं. तिने तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मग म्हणाली, "तिचा राग धरू नकोस. ती माझ्यापेक्षा जपून काम करते. माझं लक्ष नव्हतं." मी खाली मान घालून तारा मोजत राहिले. चारच होत्या, तरी मोजत राहिले.

त्यानंतरही चिप बोलेना. आणखी तीन दिवस शून्य, शून्य, शून्य. गुरुवारी मी हार मानली होती. लॅपटॉप बंद करता करता सहज पाहिलं की मी ज्या वेगाने विचारत होते तो वेग त्या जुन्या, संथ चिपला झेपण्यासारखाच नव्हता. प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचायच्या आधी माझा पुढचा प्रश्न सुटत होता. वेग दहापट कमी केला, आणि तिने पहिल्याच फटक्यात आपलं नाव सांगितलं. मला आनंद झाला असं वाटतं का तुला? मला त्या चिपच्या कानाखाली मारावीशी वाटली. दहा दिवस! दहा दिवस मी सगळ्या जगाला दोष देत होते.

तर शनिवार. तुमची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. घंटा झाली, मशीनं बंद झाली, तुम्ही बाहेर झाडाखाली गेलात, रेडिओचं हसणं आतपर्यंत ऐकू येत होतं. फोरमनला वाटलं मी मोजणी घेतेय. मी आधी मशीन चारची पेटी उघडली, तारा लावल्या, वाचलं. पडद्यावर आलं, एफएफ. म्हणजे फ्यूज बंद. कारखान्यातून चिप आली तशी, कोणाचाही हात न लागलेली. तीनदा वाचलं. तीनदा एफएफ. ताई, तुला मी काय सांगू? मला वाटत होतं मला राग येईल, पण तो आलाच नाही. मी तुझ्या उंच स्टुलावर बसले. समोर साचा होता, त्यात एक तयार झाकण तसंच पडलेलं, आणि ते काढायला हात घालायचं मला धैर्य झालं नाही. मग बाकीची पाच वाचली. पाचही तशीच. घड्याळात सुट्टीची वीस मिनिटं उरली होती. वीस मिनिटांनी तुम्ही आत येणार आणि माझ्या प्रोग्राममुळे दोन्ही हात साच्यात घालणार. एकेक फ्यूज बदलत गेले. आकडा चुकला तर चिप कायमची मुकी होते, म्हणून प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणून मग लिहिला, परत वाचून पाहिला. पाच मशीनं झाली. आता दिवे मंदावले तर ती पाच गप्प बसतील. दिव्यांकडे बघून हात मागे घ्यायची सवय मात्र कोणी सोडू नका, रेडिओलाही सांग. मशीन चारच्या फ्यूजला मी हात लावला नाही. तिथला आकडा बदलला असता तर आईचं काय झालं हे सांगणारी एकुलती एक गोष्ट मीच पुसून टाकली असती. म्हणून मेन स्विच पाडला, बोर्ड काढून पिशवीत घातला, नोंदवहीत "मशीन चार, बोर्ड तपासणीसाठी नेला" असं लिहून फोरमनची सही घेतली आणि पुठ्ठ्यावर "बंद" लिहून अडकवलं. इतक्यात घंटा झाली आणि तू आलीस. पुढचं तुला माहीत आहे. फोरमन शेजारी उभा होता, म्हणून मी बोलले नाही. त्याच्यासमोर तोंड उघडलं असतं तर तो बोर्ड पिशवीतून परत कुठे गेला असता कोण जाणे. तू म्हणालीस, "बघताय ना, ही माझी बहीण. आता माझ्या पोटावरच पाय." मी तो पुठ्ठा सरळ करत राहिले. सरळच होता तो.

काल सकाळी मी सरांच्या घरी गेले. यापुढे त्यांच्यापासून लपवून काही करायचं नव्हतं. त्यांनीच मला पहिली नोकरी दिली, आणि ते बोर्ड त्यांनी सुरुवातीला स्वतःच्या हाताने, एकेक करून बनवले होते. मी सगळं सांगितलं. माझ्याकडूनही तेच राहिलं होतं, सहा आठवडे, हेही सांगितलं. त्यांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. मग म्हणाले, "तेव्हा मी एकटाच होतो गं. कोणी सांगणारं नव्हतं." त्यांचा आवाज ऐकून मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण पुढे म्हणाले, "उद्या मी सगळे फ्यूज नीट करतो, विषय संपला. नऊ वर्षांनी बोलून कोणाचं बोट परत येणार आहे? बोर्ड आणून दे." मी म्हटलं, बोटासाठी नाही बोलत मी. मग कशासाठी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. संध्याकाळी सांगता आलं असतं.

कारण संध्याकाळी मी आईला सांगितलं. चिप, वीज, आकडा, सगळं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. डावा हात मांडीवर उलटा-सुलटा करून बघत राहिली, आणि मग लहान मुलीसारखं तिने विचारलं, "म्हणजे मी दाबली होती ना दोन्ही?" ताई, तिला स्वतःलाच खात्री राहिली नव्हती. नऊ वर्षं तेच तेच म्हणून तिने स्वतःची आठवण पुसून टाकली होती. मग तिने ट्रंकेतून कंपनीने तेव्हा दिलेला कागद काढून दिला. तिने तो कधी वाचलेला नाही. "मी कशाला वाचू, काय झालं ते मला माहीत आहे," असं म्हणायची. मी वाचला. अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची तारीख आहे. "कामगाराचे लक्ष नसल्याने, मशीनमध्ये दोष आढळला नाही." खाली फोरमनची सही, आणि साक्षीदार म्हणून तुझी.

तुझी सही मी लगेच ओळखली. शाळेच्या वहीवर घालायचीस तशी, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. तेव्हा तू अठरा वर्षांची होतीस, आई दवाखान्यात होती, आणि त्यानंतर आठ दिवसांनी तू तिच्या जागी मशीन चारवर उभी राहिलीस. त्यांनी तुला काय सांगितलं, कागद वाचू दिला का, नोकरी आधी बोलले की सही आधी मागितली, मला माहीत नाही. एवढं कळतं की माझं कॉलेज त्याच सहीतून आलं, आणि या घरात तुला जाब विचारायचा हक्क सगळ्यात कमी माझा आहे. कालपर्यंत मला तुझा राग होता. आज मी तो शोधते आहे आणि सापडत नाही. आईला मी सहीबद्दल काही बोललेले नाही. कागद घडी घालून माझ्याकडेच ठेवला. ते तिला सांगायचं की नाही, आणि कसं, हे तुझं आहे. आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. तुला साक्षीसाठी बोलावणं येईल, दोन-चार दिवसांत, आणि ते तुला फोरमनच्या तोंडून कळू नये. तिथे काय सांगायचं हे मी तुला शिकवणार नाही. एका बाजूला तुझी नोकरी आहे, हे मला माहीत आहे, आणि तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं हेही मला सांगता येत नाही. मी तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू थांब म्हणाली असतीस, आणि मी थांबले असते. म्हणून आज सकाळी साडेदहा वाजता मी कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात गेले, मशीन चारचा बोर्ड, फोरमनच्या सहीची नोंद, त्या कागदाची प्रत आणि माझ्या स्वतःच्या चुकीसकट सगळं लिहिलेला चार पानी अर्ज तिथल्या बाईंच्या हातात दिला, सरांसाठी अर्जाची एक प्रत ऑफिसात त्यांच्या टेबलावर ठेवली, आणि शिक्का मारलेली पोच घेऊन घरी आले.

तुझीच,
धाकटी